कोपीला घरनंबर नसतो

रविवार

मिरज सोडली आणि फाटकाफाटकावर उसाच्या ट्रॉल्या थांबलेल्या दिसायला लागल्या. महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या खिडकीतून डिसेंबरातलं कोल्हापूर असंच भेटतं. धुकं, काळी रानं आणि तोड होऊन मोकळ्या झालेल्या फडात पसरलेलं पाचट. एका संस्थेनं जिल्ह्यात स्त्रियांच्या प्रजनन आरोग्याचं छोटं सर्वेक्षण हाती घेतलंय. मुलाखती घेणाऱ्या मुलींना शिकवायचं आणि पहिले काही दिवस त्यांच्यासोबत गावात हिंडायचं, हे काम माझ्याकडे होतं.

मी लोकसंख्याशास्त्रज्ञ. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत शिकत होते तेव्हा या विषयाचा अर्थ बहुतेकांच्या लेखी एकच होता, जन्मदर खाली कसा आणायचा. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर फळा असायचा, त्यावर वर्षाचं नसबंदीचं टार्गेट आणि शेजारी ‘साध्य’. १९९४ ची लोकसंख्येवरची कैरोची जागतिक परिषद झाली, १९९६ च्या एप्रिलपासून आपल्याकडची ती टार्गेटं निघाली, पुढच्या वर्षी प्रजनन व बालआरोग्य कार्यक्रम आला. पण मला माझी वाट दिसली होती ती गडचिरोलीच्या एका अभ्यासातून. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली होती. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. ९२ टक्के बायकांना कसला ना कसला स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. भिंतीवरच्या फळ्यावर या दुखण्यांना रकानाच नव्हता. मोजायचं तर हे मोजायचं, असं तेव्हा ठरवलं आणि पुढची सगळी नोकरी त्यातच गेली.

दुपारी मिसळ, संध्याकाळी रंकाळ्यावर एक फेरी. उद्याच्या प्रश्नावलीच्या प्रती मोजून ठेवल्या आणि झोपले.

सोमवार

राजारामपुरीत एका हॉलमध्ये प्रशिक्षण. मुली बहुतेक शिवाजी विद्यापीठातून समाजशास्त्र किंवा समाजकार्य शिकलेल्या. कुणी कागलची, कुणी गारगोटीची, दोघी-तिघी इचलकरंजीच्या. सगळ्या हुशार आणि सगळ्यांना घाई.

सुरुवात वयापासून केली. गावाकडच्या बाईला वय विचारलं की ‘असंल तीस-पस्तीस’ असं उत्तर येतं, आणि मुलाखत घेणारी सरळ तीस किंवा पस्तीस लिहून टाकते. मग आलेख काढला की शून्य आणि पाचाने संपणाऱ्या वयांवर मनोरे उभे राहतात. वय चुकलं की लग्नाचं वय चुकतं, पहिल्या बाळंतपणाचं चुकतं, सगळंच चुकत जातं. यावर उपाय म्हणजे घटनांची दिनदर्शिका. फळ्यावर मुलींनीच ती तयार केली. १९६७ चा कोयनेचा भूकंप आणि ७२ चा दुष्काळ आज्यांसाठी. २००५ चा महापूर, २०१९ चा महापूर, २०२१ चा पुन्हा महापूर, आणि मधला लॉकडाऊन सुनांसाठी. ‘पूर आला तेव्हा थोरला अंगावर पीत होता का चालत होता?’ असं विचारलं की बाई क्षणात सांगते. आईला तारखा आठवत नाहीत, पण पाणी घरात शिरलं तेव्हा कडेवर कोण होतं हे ती विसरत नाही.

मग एका जुन्या दुखण्याकडे वळले. पाच वर्षांच्या आतलं मूल असलं की त्या मुलाबद्दल लसीकरण, अंगावरचं दूध, जुलाब, बाळंतपण असे प्रश्नांचे ढीग येतात. दमलेली मुलाखतकार नकळत मुलाचं वय पाचाच्या पलीकडे ढकलते आणि अर्धा तास वाचवते. जगभरच्या सर्वेक्षणांत हे होतं, आणि त्यामुळे अलीकडच्या वर्षांतला जन्मदर आहे त्यापेक्षा कमी दिसतो. ‘तुमच्यावर अविश्वास म्हणून सांगत नाही,’ मी म्हणाले, ‘दुपारी चार वाजता, पाचव्या घरात, उपाशीपोटी कुणालाही मोह होतो. म्हणून चार वाजता पाचवं घर घ्यायचंच नाही.’ पर्यवेक्षकाने मान वर करून पाहिलं. दिवसाला किती घरं, हा आमचा वाद मग जेवणाच्या सुटीत झाला आणि माझ्या बाजूने मिटला.

दुपारनंतर गर्भपाताचा भाग. एका मुलीनं विचारलं, ‘मॅडम, पण गर्भपात करणं गुन्हा हाय न्हवं? मग बाई आपल्याला कशी सांगंल?’ वर्गातल्या निम्म्याहून जास्त माना हलल्या. हा गैरसमज मला महाराष्ट्रात जिथे जाते तिथे भेटतो आणि दर वेळी तितकंच वाईट वाटतं. गर्भपाताचा कायदा १९७१ चा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतावर, आणि ठरावीक परिस्थितीतल्या स्त्रियांना चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मतावर तो कायदेशीरपणे करता येतो. गुन्हा आहे तो लिंगनिदानाचा. दोन वेगळे कायदे, दोन वेगळ्या गोष्टी. पण ‘भ्रूणहत्या पाप आहे’ असे फलक इतकी वर्षं एसटी स्टँडवर लावले, की बायकांनी दोन्ही एकच धरलं. भारतात २०१५ या एका वर्षात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाल्याचा अंदाज पुढे प्रसिद्ध झाला. त्यातले जवळपास तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन झालेले. घरोघरच्या सर्वेक्षणात मात्र यातले थोडेच नोंदले जातात. गोळ्या कुणी लिहून दिल्या, किती दिवस रक्त गेलं, पुढे दवाखाना गाठला का, हे कुणाला कळतच नाही.

मंगळवार

करवीर तालुक्यातलं एक गाव. नाव लिहीत नाही, कारण पुढचं वाचून ते घर ओळखता येता कामा नये.

दुमजली घर, दारात ट्रॅक्टर, मागे गोठा, चार म्हशी. सून साधारण तिशीची, पदवीधर. सासूबाई सोप्यात. आम्ही टेकायच्या आत त्या म्हणाल्या, ‘इचारा की काय इचारायचं ते. माझ्यासमूर इचारा. आमच्यात लपवाछपवी न्हाई.’

ही घडी मला पुरती ओळखीची आहे. दारात सासू, खिडकीत जाऊ, ओट्यावर नवरा. अशा वेळी मिळालेली उत्तरं कागदावर नीट दिसतात, रकाने भरलेले असतात, संगणकही काही चूक दाखवत नाही. तरी ती उत्तरं त्या घराची असतात, त्या बाईची नसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरगुती हिंसेचे प्रश्न घरातल्या एकाच बाईला, तेही पूर्ण एकांत मिळाला तरच विचारायचे असा दंडक आहे, आणि एकांत मिळाला नाही तर तो भाग सोडून द्यायचा. हा दंडक सगळ्या प्रजनन आरोग्याच्या प्रश्नांना लावावा, असं माझं आग्रहाचं मत आहे.

सोबतच्या गारगोटीच्या मुलीनं फार छान केलं. ती उठली आणि म्हणाली, ‘आज्जी, गोठा किती झ्याक ठेवलाय. म्हशी मुऱ्हा हायत्या काय? दावा की मला.’ सासूबाईंचा चेहरा उजळला. दूध किती, डेअरीचा फॅट किती लागतो, रेडकू कसं गेलं, असं बोलत दोघी मागे गेल्या. मी सुनेसमोर बसले.

तिला दोन मुली, मग सहा वर्षांचं अंतर, मग मुलगा. गर्भधारणांचा इतिहास विचारताना आम्ही फक्त मुलं विचारत नाही, प्रत्येक वेळ विचारतो. दिवस गेले, पण राहिलं नाही, असं कधी झालं का? ती थोडा वेळ गप्प बसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, ‘दोनदा खाली झालं.’ कितव्या महिन्यात? ‘चौथा लागला होता. दोन्ही बारीला.’ मी तेवढंच लिहिलं. तपासणी केली होती का, कुणी सांगितलं, कुठे गेलात, हे प्रश्न आमच्या प्रश्नावलीत नाहीत आणि असू नयेत. तिनं मला विश्वासानं जे दिलं त्याचं पोलिसी जबाबात रूपांतर करणं हा माझा धंदा नव्हे.

पण अशी हजारो घरं एकत्र मांडली की चित्र बोलतं. कुटुंब सर्वेक्षणांच्या आकड्यांवरून २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक विश्लेषण आलं होतं. पहिली मुलगी असलेल्या घरांत दुसऱ्या खेपेला दर हजार मुलांमागे १९९० मध्ये ९०६ मुली जन्मत होत्या, २००५ पर्यंत त्या ८३६ वर आल्या. पहिलं मूल मुलगा असलेल्या घरांत अशी घसरण नव्हती. आणि ही घसरण शिकलेल्या, खात्यापित्या घरांत जास्त होती. समोर बसलेली बाई यातलं सगळं एकटीनं सोसून बसली होती. जाताना तिनं विचारलं, ‘मॅडम, त्यानंतर माझं अंगावरून लई जातंय. ते त्याच्यामुळं असंल काय?’ सोनोग्राफी, रक्तातलं लोह, स्त्रीरोगतज्ज्ञाकडे काय सांगायचं, हे एका चिठ्ठीवर लिहून दिलं. अशी चिठ्ठी सर्वेक्षणाच्या नियमांत बसते की नाही यावर चर्चा होऊ शकते. माझ्या मते ती दिलीच पाहिजे.

गोठ्यातून सासूबाई तांब्याभर ताक घेऊन आल्या. आग्रहानं दोन-दोन भांडी पाजलं. त्यांचा निरोप घेताना मला त्यांच्याबद्दल राग नव्हता. त्यांनाही कधीतरी चार भिंतींत हेच सोसावं लागलं असेल, आणि त्यांना कुणी विचारलंही नसेल.

बुधवार

पहाटे पाचला निघालो तरी आम्ही उशिरा पोचलो. तोडणीच्या टोळ्या तीनपासून फडात असतात. शिरोळकडच्या रस्त्याला एका माळावर बीडहून आलेल्या टोळीच्या कोप्या होत्या. बांबूच्या कांबीवर प्लास्टिक आणि पाचट, आत तीन दगडांची चूल, एक पत्र्याची पेटी, गोधड्या. पाण्याचा टँकर दिवसाआड. संडास नाही. बायका अंधारात उसात जातात.

या बायकांसाठी मी आले होते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जात असल्याचा प्रश्न विधिमंडळात गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीडमध्ये ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. साधारण दर सहा बायकांत एक. सगळ्या देशात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. या दोन आकड्यांमधल्या अंतरानं तेव्हा माझी झोप उडवली होती.

दुपारी दोननंतर बायका फडातून परतल्या. डोक्यावर वाढ्यांचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे भारे, ते विकून संध्याकाळच्या मीठ-मिरचीचं भागतं. एकीनं चूल पेटवली आणि आम्हाला बसायला गोणपाट टाकलं. इथं सासू नव्हती, पण मुकादम होता. तो खाटेवर बसून आमच्याकडे बघत होता. इचलकरंजीच्या मुलीनं त्याच्याशी टायरगाडीच्या भाड्याचा विषय काढला आणि त्याला रस्त्यापर्यंत नेलं. दोनच दिवसांत मुली तयार झाल्या होत्या.

‘वय किती, ताई?’

‘काय म्हाईत. किल्लारीचा भूकंप झाला तवा मी आईच्या पोटात होते म्हणती.’

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा. म्हणजे जन्म त्या वर्षाच्या अखेरचा नाहीतर ९४ च्या पूर्वार्धातला. लग्न कधी? नहाण आल्यावर दुसऱ्या वर्षी. दोन मुलं, दुसऱ्याच्या बाळंतपणानंतर लगेच ‘ऑपरेशन’. आणि पिशवी? ‘लॉकडाऊनच्या आदल्या उन्हाळ्यात.’ मी वहीच्या कडेला हिशेब मांडला. पंचवीस वर्षं.

का काढली? पांढरं जायचं, ओटीपोटात दुखायचं. गावातल्या डॉक्टरनं सोनोग्राफी करून सांगितलं की पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. त्यासाठी पैसे कुठून आणले? ती हसली नाही, रडलीही नाही. ‘मुकादमाकडून उचल. तवापासून फेडतोय.’ एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हंगामाआधी मिळालेली उचल त्या जोडीच्या नावावर फिटते आणि एक जण जरी दिवसभर बसला तरी खाड्याचा दंड पडतो. पाळीच्या चार दिवसांत ना पाणी, ना आडोसा, ना सुट्टी. अशा वेळी कुणी सांगितलं की एकदाच काढून टाक, पुन्हा कटकट नाही, तर बाई काय ठरवणार? असं पांढरं जाणं आणि दुखणं हे अनेकदा जंतुसंसर्गाचं लक्षण. ते साध्या गोळ्यांनी बरं होतं. तिला त्या गोळ्या कुणी दिल्याच नाहीत.

‘आता कसं आहे?’

‘मोळी उचलताना कंबर धरती. रातीला अंग भाजल्यावानी होतंय. झोप न्हाई.’

अंडाशय काढले होते की ठेवले होते, तिला माहीत नव्हतं. कागद नव्हते. अंडाशय गेले असतील तर पंचविशीतच तिची रजोनिवृत्ती झाली. हाडं ठिसूळ होणं, हृदयाचा धोका, सगळं वीस-पंचवीस वर्षं आधी सुरू. आणि रोज डोक्यावर उसाची मोळी.

तिथं बसल्या बसल्या मला जे सर्वांत जास्त टोचलं ते वेगळंच. सर्वेक्षणात आधी गावाची घरयादी होते, त्या यादीतून घरं निवडली जातात. कोपीला घरनंबर नसतो. कोल्हापुरात ही बाई यादीत नाही. बीडमध्ये तिच्या घराला कुलूप, म्हणून तिथं ‘घर बंद’ असा शेरा पडतो. वर्षातले पाच-सहा महिने ती दोन्ही जिल्ह्यांच्या आकड्यांतून गायब असते, आणि नेमकं तिचंच दुखणं मोजायचं असतं. जनगणनाही २०११ नंतर थेट २०२७ ची. कोल्हापूरचे प्रजनन आरोग्याचे निर्देशांक राज्यात चांगल्यांत धरले जातात. ज्यांच्या कष्टावर हा जिल्हा गोड झाला त्या बायका धरून ते किती चांगले उरतात, हे मला बघायचंय.

गुरुवार

शहरातच. सकाळी सीपीआर या सरकारी रुग्णालयात एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना भेटले. सर्वेक्षणातून ज्या बायकांना तपासणीची गरज दिसेल त्यांना इथं पाठवायची व्यवस्था पक्की केली. त्यांनी ठरावीक दिवस नेमून दिला. हेच रुग्णालय पूर्वी अल्बर्ट एडवर्ड म्हणून ओळखलं जायचं. शाहू महाराजांच्या काळात डॉ. कृष्णाबाई केळवकर इथं काम करत. महाराजांनी त्यांना पुढच्या शिक्षणासाठी परदेशी पाठवलं होतं. शंभर वर्षांपूर्वी एका संस्थानिकाला कळलं होतं की बायकांना तपासायला बाई डॉक्टर हवी. मुंबईत र. धों. कर्व्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं तेही १९२१ मध्ये. आपली सुरुवात मागास नव्हती.

दुपारी जिल्ह्याच्या लिंगगुणोत्तराचे कागद चाळले. २००१ च्या जनगणनेत कोल्हापुरात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ८३९ मुली होत्या. निसर्गतः जन्माच्या वेळी ९५० च्या आसपास असतात. त्या आकड्यानं जिल्हा हादरला. पुढे लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना सोनोग्राफी यंत्रांना प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारे ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ जोडले गेले, गरोदर बाईच्या सोनोग्राफीचा ‘एफ’ फॉर्म ऑनलाइन भरणं सक्तीचं झालं. रेडिओलॉजिस्टांची संघटना उच्च न्यायालयात गेली आणि २०११ मध्ये न्यायालयानं प्रशासनाची बाजू उचलून धरली. त्या कामाबद्दल मला आदर आहे. पण त्याच धाकानं औषध दुकानदार गर्भपाताच्या गोळ्या ठेवेनासे झाले आणि कायदेशीर सेवा देणारे डॉक्टरही ‘नको ते झंझट’ म्हणू लागले. हे नुकसानही मोजलं पाहिजे.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येक अधिकाऱ्याला सांगत असते. एखाद्या गावात वर्षात चाळीस जन्म झाले आणि मुलींची संख्या जास्त निघाली की सरपंचांचा सत्कार होतो, कमी निघाली की आशाताईंना नोटीस येते. चाळीस जन्मांत निव्वळ योगायोगानं हे गुणोत्तर ५०० ते १८०० च्या मध्ये कुठेही पडू शकतं. अगदी हजार जन्म घेतले तरी ८४० ते १०८० इतकी मोकळीक राहते. २००१ चा आकडा काही लाख मुलांवरचा होता, म्हणून तो योगायोग नव्हता. गावाच्या एका वर्षाच्या आकड्यावरून आशाताईला जाब विचारणं हा अन्याय आहे, आणि तो थांबवायला पाच-पाच वर्षांची बेरीज एकत्र करायची एवढंच लागतं.

संध्याकाळी गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायले. रात्री तांबडा-पांढरा.

शुक्रवार

सकाळभर मुलींबरोबर बसून नमुना नव्यानं आखला. ठरलं ते असं. गावाच्या घरयादीच्या जोडीला कोप्यांची वेगळी यादी करायची. टोळ्या हलत राहतात, म्हणून दर पंधरवड्याला ती नव्यानं. मुलाखत दुपारी दोन ते पाच, किंवा बाजाराच्या दिवशी टोळी सुटीवर असते तेव्हा. प्रत्येक ठिकाणी दोघी जाणार, एक विचारणार आणि दुसरी मुकादमाला किंवा सासूला बोलण्यात गुंतवणार. पिशवी काढलेली असेल तर कधी, कुठे, कशासाठी हे प्रश्न राष्ट्रीय सर्वेक्षणात आहेतच. आम्ही त्यात आणखी तीन घातले: त्याआधी औषधोपचार झाला का, अंडाशय काढल्याचं सांगितलं का, आणि पैसे कुठून आले.

टोळ्यांची माहिती कारखान्याकडे असते. एका कारखान्याच्या शेती विभागानं करारांची यादी दाखवली. यादीत टोळीत किती कोयते आहेत ते होतं आणि प्रत्येक कोयत्यापुढे नवऱ्याचं नाव. बायकोच्या नावाचा रकाना नव्हता. शेती अधिकारी चांगले गृहस्थ होते. मी म्हटलं, ‘साहेब, निम्मा ऊस यांनी तोडलाय. एक रकाना वाढवाल का?’ ते म्हणाले, ‘पुढच्या हंगामाच्या कराराला घालू. आत्ता हवं असेल तर तुमच्या मुलींनी टोळीवर जाऊन भरून आणावं, मी नोंदवून घेतो.’

दुसऱ्या कारखान्याचं उत्तर अजून यायचंय. गारगोटीची मुलगी कोऱ्या याद्या घेऊन सोमवारी शिरोळच्या त्याच माळावर जाणार आहे. टोळी तोवर तिथं असली तर तिथं, नसली तर मुकादमाला फोन करून जिथं हलली असेल तिथं.